टॅबलेटचं स्वेटर

मंदाकिनीबाईंच्या घरात उघडी म्हणून फक्त माणसंच असतात, असं त्यांची लेक अबोली म्हणायची. बाकी सगळ्याला कव्हर. टीव्हीला झालरीचं, मिक्सरला फुलाफुलांचं, फ्रिजच्या मुठीला वेगळं, शिलाई मशीनला तर एकावर एक दोन. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीवर रबर. लोकांना वाटे, बाईंना धुळीचा भारी राग. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या त्यांच्या गल्लीत धूळ होतीही भरपूर. पण खरी गोष्ट वेगळी होती. ज्या वस्तूचे आपल्यावर उपकार झाले असं बाईंना वाटे, तिला त्या कव्हर शिवत. लग्न होऊन नागपूरहून रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हा पाट्यावर वाटून वाटून त्यांची मनगटं भरून यायची. घरात पहिला मिक्सर आला त्या दिवशी चटणी वाटून झाली आणि बाई तडक गोल बाजारात जाऊन कापड घेऊन आल्या. वस्तूला काही धन्यवाद म्हणता येत नाहीत, म्हणून कव्हर. माणसांनाही त्यांना ते कधी म्हणता आले नव्हते, तो भाग निराळा.

त्यामुळे टॅबलेट घरात येऊन वर्ष होत आलं तरी तो नागडाच कसा राहिला, हेच आश्चर्य होतं. कारण त्याच्याइतके उपकार या घरावर दुसऱ्या कुठल्याच वस्तूने केले नव्हते.

बाईंचे यजमान श्यामकांतराव रेल्वेत गार्ड होते. नोकरीभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून आलेले, त्यामुळे घरी आले की साठलेलं सगळं बोलून टाकायचे. रायपूर राजधानी झाली, ते रिटायर झाले, लेकीला नव्या रायपूरच्या एका ऑफिसात नोकरी लागली, सगळ्यावर त्यांचं काही ना काही मत होतं आणि ते त्यांनी प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं होतं. मग लकवा आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. पायाने पुढे थोडं मनावर घेतलं. बोलण्याने नाही. अक्षरंही डोळ्यांपुढे जुळेनात, त्यामुळे लिहून दाखवायची वाटही बंद. तोंडात एकच शब्द उरला: ‘हव’. छत्तीसगढीतला ‘हो’. जन्मभर घरात वऱ्हाडी बोलले, ड्यूटीवर हिंदी बोलले, आणि शेवटी साथीला राहिला तो स्टेशनावरच्या हमालांकडून उचललेला शब्द.

चहा पाहिजे? हव. दुखून राहिलं का? हव. खिडकी लावू? हव. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, मनात शब्दही बरोबर असतो, पण बाहेर येताना ‘हव’च येतो. लोक एकदा विचारत, दोनदा विचारत, मग विचारणंच सोडून देत. श्यामकांतरावांनी भिंतीकडे तोंड केलं आणि तसेच पडून राहू लागले. जेवायला बोलावलं तरी वळून बघेनात.

मग हॉस्पिटलातल्या सोनिया दीदींनी टॅबलेट सुचवला. लकव्याने बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं हेच त्यांचं काम. टॅबलेटमध्ये चित्रांचे चौकोन असतात, चौकोनावर बोट ठेवलं की टॅबलेट बोलतो. अबोलीने लगेच आणला. चित्रंही बाजारातली नाहीत, घरातली: त्यांचाच माठ, त्यांचीच बशी, त्यांचंच निळं स्वेटर, बाथरूमचं कडी निसटणारं दार. आवाज आधी एका पुरुषाचा टाकून पाहिला. बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा तो “कृपया पानी दीजिए” म्हणाला, तेव्हा श्यामकांतरावांनी टॅबलेट बाजूला ढकलला. शेवटी मंदाकिनीबाई स्वतः बसल्या आणि नवरा बोलायचा तसं सगळं आपल्या आवाजात भरून दिलं.

तेव्हापासून घरात बाईंचा आवाज बाईंनाच हुकूम सोडू लागला. “मले पाणी पाहिजे.” “भाजीत मीठ काहून नाही टाकलं?” “पंखा बंद कर, मरतो का मी?” हे शेवटचं वाक्य श्यामकांतरावांच्या इतकं तोंडचं होतं की भरताना बाईंना हसू आवरेना, आणि ते हसूही त्यात राहून गेलं. शेजारणींना वाटे, बाई एकट्याच स्वतःशी भांडतात. वाटू दे. ज्या माणसाने भिंतीकडे तोंड केलं होतं, तो आता खाटेवर बसून मिठावरून कुरकुर करत होता. मंदाकिनीबाईंनी त्या कुरकुरीसाठी देवाचे, लेकीचे, सोनिया दीदींचे, आणि सगळ्यात जास्त त्या काळ्या पाटीचे मनातल्या मनात किती आभार मानले असतील, त्याला हिशेब नाही.

थंडी पडली आणि बाईंनी अखेर कव्हर करायला घेतलं. ड्यूटीवरचं एक जुनं निळं स्वेटर कोपरात विरलं होतं, ते उसवून त्याच्या लोकरीने टॅबलेटसाठी अंगडंच विणलं: पुढून काच उघडी, मागून आणि कडेने ऊबदार. कडेला दोन बटणं असतात. एक छोटं, चालू करायचं, त्यासाठी बाईंनी व्यवस्थित भोक ठेवलं. शेजारचं लांबट बटण मात्र त्यांच्या डोळ्यात सलत असे. ते आवाजाचं. श्यामकांतरावांचा डावा हात थरथरायचा, सारखा त्याच्यावर पडायचा आणि टॅबलेट मध्येच कुजबुजायला नाही तर ओरडायला लागायचा. म्हणून बाईंनी नेमका त्याच्यावरून पट्टा घेतला आणि तो घट्ट बसावा म्हणून गार्डाच्या कोटाचं जाडजूड पितळी बटण तिथेच लावलं. आता हात पडला तरी बिघडत नाही. काम पाहून त्या स्वतःवरच खूश झाल्या. श्यामकांतरावांनी निळ्या लोकरीवरून बोट फिरवलं, पितळी बटणावर येऊन थांबले आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या संध्याकाळी टॅबलेट फारच मोठ्याने बोलला. “मले पाणी पाहिजे!” असा बाईंचाच आवाज त्यांच्यावर कडाडला. बाईंना वाटलं, यजमान आज रंगात आहेत.

निजण्याआधी नेहमीप्रमाणे त्यांनी गॅस बंद केला, प्लगची बटणं बंद केली आणि टॅबलेटही पूर्ण बंद केला. अबोलीने शंभरदा सांगितलं होतं की तो चालूच ठेवायचा असतो. पण दिवसभर बोलून थकलेल्याला झोप नको का, असा बाईंचा सवाल होता.

सकाळी टॅबलेट उठला नाही. म्हणजे उठला, पण भलताच कुणीतरी उठला. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीतल्या बारीक ओळी. माठ नाही, बशी नाही, काही नाही. बाईंनी अबोलीला व्हिडिओ कॉल करून त्या ओळी दाखवल्या आणि पलीकडे लेकीचा चेहरा पडला.

“आई, काही दाबू नको! एक भी बटन नहीं. त्यातली एक ओळ सगळं पुसून टाकायची आहे.”

“पुसून म्हणजे?”

“म्हणजे सब. फोटो, तुझा आवाज, सगळं. मी कॉपी काढून ठेवणार होते, राहूनच गेलं. आज ऑफिसमधून निघता येणार नाही. तू पंडरीला जा, शेखर भैयाकडे.”

फोटो पुन्हा काढता आले असते. आवाजही पुन्हा भरता आला असता. पण कुठला चौकोन कुठे, हे श्यामकांतरावांच्या बोटांना पाठ व्हायला किती महिने गेले होते! शिकवणाऱ्या सोनिया दीदी तर आता बदली होऊन बिलासपूरला गेलेल्या. पुन्हा पहिल्यापासून शिकायचा धीर त्यांच्यात होता का? की पुन्हा भिंतच?

खाटेवर श्यामकांतराव टॅबलेटच्या कडेला डाव्या हाताने ओढत होते. लोकरीचा एक टाकाही निघाला होता.

“चिडून काय करता? होते दुरुस्त,” बाईंनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि टाका नीट केला. “कव्हर राहू देऊ ना? बाहेर धूळ किती आहे.”

“हव, हव,” श्यामकांतराव म्हणाले.

पंडरीत कापडाच्या ठोक दुकानांच्या गर्दीत शेखर भैयाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बाईंनी रिक्षाभर टॅबलेट पदराखाली छातीशी धरून आणला होता. शेखर भैयाने दवाखान्यात लेकराचं टोपरं काढतात तसं हलक्या हाताने कव्हर काढून बाजूला ठेवलं, छोटं बटण दाबून धरलं आणि बघता बघता पडद्यावर माठ आला, बशी आली, निळं स्वेटर आलं.

“माताजी, ये तो एकदम ठीक है.”

बाईंनी खात्री म्हणून माठावर बोट ठेवलं. “मले पाणी पाहिजे!” असं भर दुकानात कडाडलं आणि समोरच्या साडीवाल्याचा माणूस खरंच पाण्याची बाटली घेऊन आला. बाईंनी त्यालाही आशीर्वाद दिला, शेखर भैयालाही दिला, कव्हर पुन्हा चढवलं आणि तरंगतच घरी आल्या. दिवसभर घरात कुरकुर चालली. मीठ, पंखा, चहा. बाईंनी एकेका हुकमाला धावत उत्तर दिलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा काळा पडदा.

डॉक्टरपुढे नेलं की ताप उतरायचा आणि घरी आणलं की चढायचा, असं अबोली लहानपणी करायची. या टॅबलेटने तिचंच वळण घेतलेलं दिसत होतं. दुकानात नेला की शहाणा, घरी आणला की वेडा. बाईंना आता घरावरच संशय येऊ लागला. विजेचा दोष असेल. खिडकीतल्या उन्हाचा असेल. कोपऱ्यावरची बाई परवा येऊन “कितना बढ़िया बोलता है” म्हणून गेली होती, तिची नजरही असेल. बाईंनी मुकाट्याने मीठ-मोहऱ्या घेतल्या, टॅबलेटवरून उतरवल्या आणि चुलीत टाकायला चूल नाही हे आठवून गॅसवर तव्यात टाकल्या. मोहऱ्या चांगल्याच तडतडल्या. नजर होती तर!

पण त्याने काही झालं नाही. श्यामकांतरावांनी या सगळ्या वेळात कव्हर पुन्हा अर्धं ओढून काढलं होतं. बाईंनी ते पुन्हा बसवलं, त्यांनी पुन्हा ओढलं.

“अहो, त्याचा राग त्याच्या कपड्यावर काहून काढून राहिले? इतकं मेहनतीनं विणलं मी. आवडलं होतं ना तुम्हाला?”

“हव,” ते म्हणाले.

“मग घालून ठेवू ना?”

“हव, हव.”

“हं,” म्हणून बाईंनी पितळी बटण घट्ट लावलं. श्यामकांतरावांनी डोळे मिटून घेतले.

शेखर भैयाकडे दुसरी फेरी झाली. तिथे टॅबलेट पुन्हा गुणी बाळासारखा सुरू झाला. शेखर भैयाने डोकं खाजवलं. “घर पे गिराते तो नहीं?” असं विचारलं, त्याचा बाईंना रागच आला. इथे वस्तूला वारा लागू देत नाही आणि म्हणे पाडता का! तो बिचारा म्हणाला, अंदर कुछ गड़बड़ होगी, अब फिर हुआ तो फॉर्मेट ही करना पड़ेगा. फॉर्मेट म्हणजे काय, हे विचारायची गरज बाईंना उरली नव्हती.

आणि ते पुन्हा झालंच. त्या सकाळी बाई तिसऱ्यांदा पंडरीला गेल्या नाहीत. श्यामकांतरावांनी हातात घेतलेला टॅबलेट काळा पाहून तो खाली ठेवला आणि हळूहळू, डाव्या हाताने खाटेची कड धरून, भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी ताटावर बोलावलं, तर वळले नाहीत. स्वयंपाकघरात येऊन बाई पदर तोंडाला लावून रडल्या.

रविवारी अबोली आली. येताना तिने ठरवूनच ठेवलं होतं. “आई, रडू नको. फॉर्मेट करूया. मी आठवडाभर सुट्टी घेते, सगळे फोटो फिरसे काढते. बाबा शिकतील पुन्हा.” ती खाटेवर बसली, टॅबलेट मांडीवर घेतला आणि त्या बारीक ओळींमधली नको ती ओळ शोधू लागली.

भिंतीकडे तोंड केलेले श्यामकांतराव वळले. कसे वळले कोण जाणे, पण एका झटक्यात वळले आणि लेकीच्या हातातून टॅबलेट ओढून घेतला.

“हव, हव! हव, हव!”

“बाबा, करना पड़ेगा हो...”

त्यांनी ऐकलं नाही. टॅबलेट गुडघ्यांत धरला, वाकले, पितळी बटण दातांत पकडलं आणि ओढलं. पट्टा सुटला. डाव्या हाताने निळं कव्हर खेचून काढलं आणि खाटेवरून खाली फेकलं. मग छोटं बटण दाबून धरलं. थरथरत्या बोटाने, पण धरून ठेवलं.

माठ आला. बशी आली. निळं स्वेटर आलं.

अबोली उठून उभी राहिली. श्यामकांतरावांनी बोटानेच तिला बसायला सांगितलं. अजून संपलं नव्हतं. त्यांनी टॅबलेट पुन्हा बंद केला, लांबट बटण गुडघ्याच्या हाडावर टेकवून दाबून धरलं आणि तसंच ठेवून छोटं बटण दाबलं. काळा पडदा, बारीक ओळी. गुडघा काढला, पुन्हा चालू केला. माठ. गाडी सोडण्याआधी ब्रेक तपासून दाखवावा, तसं एकेक पायरी दाखवून त्यांनी लेकीकडे पाहिलं.

“आई!” अबोली ओरडली. “बटण! तू लावलेल्या कोटाच्या बटणाने आवाजाचं बटण दाबून धरलं होतं. ते दाबलेलं असताना चालू केला की टॅबलेट वेगळाच सुरू होतो, रिपेअरवाल्यांसाठी असतो तसा. तू रोज रात्री बंद करत होतीस आणि रोज सकाळी... आणि शेखर भैया आधी कव्हर काढायचा, म्हणून तिथे चालायचा! बाबांनी ओळखलं होतं. ते पहिल्या दिवसापासून कव्हरच काढून राहिले होते ना?”

मंदाकिनीबाई खाली पडलेल्या निळ्या कव्हराकडे बघत राहिल्या. नजर नाही, वीज नाही, कोपऱ्यावरची बाई नाही. ज्याने नवऱ्याला बोलायला तोंड दिलं त्याचं तोंड आपणच बांधलं होतं, तेही आभार मानायला. आणि तो माणूस रोज सकाळी ते सोडवायला बघत होता, तर आपण रोज त्याच्या हातातून काढून पुन्हा घट्ट बांधत होतो.

“मी किती मूर्ख आहे हो,” त्या म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आला. त्यांनी कव्हर उचललं, डब्यातून कात्री काढली.

“मले थंडी वाजून राहिली. स्वेटर दे,” त्यांचाच आवाज मागून म्हणाला.

सवयीने बाईंनी कात्री ठेवली, डोळे पुसले, खुंटीवरचं स्वेटर आणून नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं.

“हव, हव,” त्यांनी ते झटकून टाकलं. टॅबलेटकडे बोट दाखवलं, मग स्वेटरच्या चित्रावर पुन्हा बोट ठेवलं. “मले थंडी वाजून राहिली. स्वेटर दे.” पुन्हा टॅबलेटकडे बोट. मग बाईंच्या हातातल्या निळ्या कव्हराकडे.

आधी अबोली हसली. “आई, थंडी बाबांना नाही वाजत. टॅबलेटला वाजते!”

मग बाईही हसल्या, आणि रडत होत्या ते रडणं तसंच चालू राहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने त्यांच्या हातच्या कुठल्या वस्तूचं तोंडभर कौतुक केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आज केलं, तेही त्यांच्याच आवाजात.

हसता हसता त्या एकदम थांबल्या. आत्ता स्वेटर झटकताना हे काय म्हणाले? हव, हव. अबोलीच्या हातून टॅबलेट घेताना? हव, हव. कव्हर राहू देऊ ना, विचारलं तेव्हा? आवडलं का, याला एकच ‘हव’ होता. घालून ठेवू का, याला दोन होते.

“चहा ठेवू का?” त्यांनी जपून विचारलं.

“हव.”

“बिनसाखरेचा?”

“हव, हव!” श्यामकांतराव जवळजवळ ओरडलेच.

अबोलीने कपाळाला हात लावला. इंजिनाची शिट्टी एकदा वाजली तर एक अर्थ, दोनदा वाजली तर दुसरा, हे गार्डाच्या लेकीला कुणी शिकवायला नको होतं. टॅबलेट बंद पडल्यावर श्यामकांतरावांनी हे ठरवलं होतं की त्याच्याही आधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता. नकाराचा दुसरा ‘हव’ त्यांनी दरवेळी दिला होता. बाई पहिल्यावरच समाधान मानून निघून जात होत्या.

“म्हणजे आता टॅबलेट झोपला तरी तुम्हाला ‘नाही’ म्हणता येते,” बाई म्हणाल्या. लकवा आल्यापासून ज्या एका गोष्टीसाठी त्या तळमळल्या होत्या, ती या बिघाडाने फुकटात दिली होती. त्यांनी पितळी बटणाला बोट लावून ते कपाळाला लावलं.

चहा झाला, साखर घालूनच झाला. मग व्हरांड्यातल्या उन्हात खाट ओढून बाई कव्हर उसवायला बसल्या. लांबट बटणाच्या जागी ऐसपैस खिडकी ठेवली आणि कोटाचं बटण मागे, जिथे काहीच दबत नाही, तिथे लावायला घेतलं. आत अबोली टॅबलेटमधलं सगळं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेत होती. शेखर भैयासाठी पोह्यांचा चिवडा बांधून तयार होता. त्याच्यावर उगाच रागावल्याचं बाईंच्या मनातून गेलं नव्हतं.

श्यामकांतराव शेजारी बसून सुई वरखाली होताना बघत होते. बाईंनी मान वर न करताच विचारलं, “लई रागावले होते ना माझ्यावर?”

“हव,” ते म्हणाले.

बाईंची सुई टाक्यातच थांबली. श्यामकांतरावांनी समोरच्या भिंतीवरून चालणारी मांजर बघितली, ती पलीकडे उतरेपर्यंत बघितली, मग गाडी सोडायची पूर्वीची सगळी निवांत ऐट आणून बायकोकडे वळले.

“हव.”